न घासलेला रुपया

“हे कुणी धुतले?” त्यानं विचारलं आणि डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. टिळक रस्त्याजवळच्या एका कार्यालयात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. मी तिथं काही विकायला गेलो नव्हतो. मला प्लास्टिकच्या गोल डब्या हव्या होत्या, ज्यांत नाणं बसतं आणि हवा लागत नाही. माझी बायको विमल, तिला जाऊन वर्ष झालं. तिच्यामागं चांदीचे अकरा रुपये राहिले, राजाच्या छापाचे, जुने लोक ज्यांना बंदा रुपया म्हणायचे ते. त्यांतले दहा मी मागच्या महिन्यात तिच्या वर्षश्राद्धासाठी चमकवले होते. चमक टिकत नाही हे मला माझ्या धंद्यामुळं माहीत, म्हणून डब्या. टेबलामागच्या माणसाचं नाव इंद्रजीत, ते त्याच्या खिशावरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. डबीचं माप बघायला त्यानं रुपये मागितले आणि मी रुमाल उघडला.

“धुतले नाहीत,” मी म्हणालो. “बफ मारलाय. लाल वडी लावून, मऊ कापडाच्या चाकावर. एक ओरखडा दाखवा.” हे मी जरा ताठ मानेनंच सांगितलं. बेचाळीस वर्षं मी बफिंग केलं, म्हणजे धातू फिरत्या चाकावर धरून त्याचा आरसा करायचा.

“ओरखडा नाही हो काका. ओरखडा असता तर बरं झालं असतं, राजाच्या गालावर काहीतरी राहिलं असतं. आता माशी बसली तरी घसरेल.” शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी हसला. “कुणाचे आहेत?”

“बायकोचे.”

“आणि त्यांनी तुम्हाला हे करू दिलं?”

“ती नाही आता.”

मग त्यानं स्वतःची खुर्ची उचलून माझ्याकडं सरकवली. पुण्यात टेबलामागच्या माणसानं गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची म्हणजे कुणीतरी गेलेलं असावं लागतं. “बसा,” तो म्हणाला, आवाज बदलून. मी बसलो. रुमालात खणाच्या कापडाचा एक तुकडा होता, त्याच्या घडीत अकरावा रुपया. तो घासायचा राहिला होता. त्याची मला लाजच वाटत होती, म्हणून मी तो दाखवला नव्हता. पण इंद्रजीतनं कापड बघितलं आणि घडी उघडली. त्यानं रुपया कडेनं धरला, खिडकीपाशी नेला, थोडा तिरका केला. “बापूराव,” त्यानं हाक मारली, “हातातलं ठेवा आणि इकडं या.”

बापूराव म्हणजे एक वयस्कर गृहस्थ, माझ्याच वयाचे, कोथरूडचे, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. ते विकणारे नव्हते, जमवणारे होते. त्यांनी रुपया हातात घेतला नाही, इंद्रजीतच्याच हातात राहू दिला आणि मान वाकडी करून बघितला. मीही पहिल्यांदा बघितला. खिडकीच्या उजेडात राजाच्या गालावर पिवळा रंग होता, पिकलेल्या लिंबासारखा. कानामागं तो तांबूस झाला होता, मग जांभळा, आणि कडेला, अक्षरांपाशी, निळा. या सगळ्यावर बारीक उभ्या-आडव्या रेघा होत्या, कुणी पेन्सिलीनं चौकटी आखाव्यात तशा, पण पेन्सिलीनं इतकं बारीक जमणार नाही. “कापडाची वीण उतरलीय,” बापूराव म्हणाले. ते देवळात बोलतात तसं बोलले.

“हे दहा,” इंद्रजीतनं मला समजावलं, “चांदीच्या भावानं जातील. वर शंभर-दोनशे कुणी भला माणूस देईल. आणि हा एक, अठरा हजार.”

“याचं साल वेगळं आहे का?”

“नाही. हाही अठराचाच, एकोणीसशे अठरा. त्याच टाकसाळीतला. असे लाखोंनी निघालेत. फरक एवढाच की हा तुमच्या हातून सुटलाय.” मग त्याला खुर्ची आठवली असावी. तो नरमाईनं म्हणाला, “याला आम्ही टोनिंग म्हणतो.”

“आम्ही डाग म्हणतो.”

“म्हणून तर तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला. कशात होता हा?”

मी सांगितलं. खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला, तो तुकडा पत्र्याच्या डबीत, डबीला झाकण नाही, आणि डबी स्वयंपाकघरातल्या फळीवर कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीमागं. चोर मसाल्यात हात घालत नाही, असं विमल म्हणायची. बापूराव इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. ते हसणं चांगलं होतं, त्यात मला हसणं नव्हतं. “कांद्या-लसणात गंधक असतं हो,” ते म्हणाले. “चांदीला तेच लागतं. धाग्याधाग्यातून शिरलंय बघा. जिथं धागा टेकला तिथं एक रंग, जिथं भोक राहिलं तिथं दुसरा. किती वर्षं होता तिथं?” मी म्हणालो, या घरात चौतीस, त्याआधी भाड्याच्या खोलीत बारा, पण तिथंही मसाल्यामागंच. “असं ठरवून करता येत नाही,” इंद्रजीत म्हणाला. “करतात लोक. अंडं उकडून डबीत नाण्याशेजारी ठेवायचं, दोन तासांत निळं-जांभळं. पण ते कळतं. त्यात घाई दिसते.” मग त्यानं त्या दहांकडं बघितलं आणि विचारलं, “यांच्यावरही असे रंग होते का?”

“काळपट होते.”

“काळपट म्हणजे कुठले?”

मला सांगता येईना. बापूरावांनी विषय बदलला. हा मला द्या, ते म्हणाले. तुमच्याकडं राहिला तर काळा पडेल, रंग थांबत नसतात, पुढं सरकत राहतात. माझ्याकडं बंद राहील. तोवर चांगला वाईटापासून वेगळा ठेवा. “आणि रागावू नका,” माझ्या हातांकडं बघत ते म्हणाले, “पण मला तुमच्या या हातांची भीती वाटते.” मी विचारलं की रुपया बंद केला की पाकिटावर काय लिहिता. साल, टाकसाळ, प्रत, ते म्हणाले. आणि कुणाच्या घरचा ते? “ते कोण विचारतं?” ते म्हणाले, आणि लगेच, “म्हणजे, तुम्ही म्हणत असाल तर लिहू.” मी म्हणालो, आठवडाभर विचार करतो. माझा नंबर इंद्रजीतनं लिहून घेतला. डब्या घ्यायच्या राहिल्याच.

स्वारगेटला बस बदलून बिबवेवाडीला येईपर्यंत मी एकच काम करत होतो, ते दहा रुपये आठवायचं. एकेक घेऊन आठवू म्हटलं. पहिला. हातात घेतला, चाकाला लावला, काळं पाणी निघाल्यासारखा मळ निघाला, खालून पांढरं आलं. त्याआधी काय होतं? मी बघितलंच नव्हतं. बफवाल्याचा डोळा वस्तूवर नसतो, मळ कुठं संपतो तिथं असतो. दुसरा, तिसरा, तेच. एकाचं फक्त आठवलं. त्याच्यावर एक कोर होती, चंद्रकोरीसारखी, एका बाजूला उजळ आणि बाकी गडद. एक रुपया दुसऱ्यावर थोडा सरकून पडलेला असणार, वर्षानुवर्षं, आणि तेवढा भाग झाकलेला राहिला असणार. गडद भाग कुठल्या रंगाचा होता? हिरवा होता का? हिरवा होता असं मला वाटायला लागलं, आणि मग माझी मलाच शंका आली की आता मी मनानं लावतोय. पद्मावतीला माझ्या शेजारी एक बाई बसली, तिच्या पिशवीत लसणाची पात होती, आणि त्या वासानं मला आमची फळी दिसली, बरणी दिसली, बरणीच्या झाकणावरचे विमलच्या बोटांचे तेलकट लाल ठसे दिसले. ते ठसेही मी काढले होते. तिच्या दहाव्यानंतर मी सगळ्या बरण्या गरम पाण्यात टाकल्या होत्या.

लग्नाच्या वेळी विमलच्या आईनं, मुक्ताईनं, ते रुपये तिच्या ओटीत घातले होते. तिचे वडील गेनबा हिंजवडीचे, शेतीवाले. त्यांच्या शेतात आता काचेची इमारत आहे आणि विमल तिथून जाताना बसमधून कधी त्या बाजूला बघायची नाही. मुक्ताईला ते रुपये तिच्या आईकडून आले होते. घरात आल्यावर मी त्या कापडाची गाठ सोडली आणि पहिली गोष्ट म्हणालो, उद्या कारखान्यात नेतो, आरसा करून आणतो. तेव्हा आमच्या लग्नाला चार दिवस झाले होते आणि ती माझ्याशी धड बोलत नव्हती, पण माझ्या हातातून कापड घेतलं आणि म्हणाली, “हाय तसं ऱ्हाऊ द्या.” का, तर आईनं सांगितलंय. लक्ष्मी घासली की झिजती. मी हसलो. “अगं, मी घासूनच पोट भरतो.” ती म्हणाली, “म्हणून तर तुमच्या बोटावर ठसा ऱ्हायला न्हाई.” ते खरं होतं. तेव्हाच माझ्या अंगठ्याचा ठसा पुसट झाला होता, आणि पुढं आधार कार्डाच्या वेळी तर मशीननं माझा अंगठा घेतलाच नाही. ती शेजारी उभी होती. त्या मुलीला म्हणाली, “त्यांचं बोट भांड्यांना गेलंय, तुम्ही डोळ्यांवर काम भागवा.” शहरात इतकी वर्षं राहून तिचं बोलणं बदललं होतं, शर्मिलेच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या शाळेत ती अगदी पुस्तकातलं बोलायची, पण मला चिमटा काढायचा असला की ती हिंजवडीचीच भाषा काढायची.

दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती ते कापड फक्त उघडायची. पाणी नाही, हळद-कुंकू नाही, हात लावायचा नाही. पूजेला सोनाराकडून आणलेलं वेगळं नाणं होतं, त्याला सगळं लागायचं. या अकरांना फक्त उजेड दाखवायचा. मी दर वर्षी म्हणायचो की काय हे काळं ठिक्कर ठेवलंयस, पाहुण्यांसमोर लाज वाटते. ती म्हणायची, “चमकवून काय करायचंय, तोंड बघायचंय का त्यात? आरसा हाय की मोरीत.” आणि कापड परत मसाल्यामागं. ती त्या रुपयांकडं स्वतः बघायची का, तिला ते रंग दिसायचे का, हे आता मला विचारता येत नाही. मला वाटतं दिसत असावेत. कधीकधी ती उघडल्यावर जरा जास्त वेळ बसायची. मी आतून ओरडायचो, “अगं फराळाचं काय?” आणि ती म्हणायची, “आले. राजाशी बोलत्येय.”

कारखान्यात स्टेनलेस स्टीलवर बफ मारताना हात जास्त दाबला की पत्रा तापतो. तापला की आधी पिवळा पडतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. अगदी तोच क्रम. राजाच्या गालापासून कडेपर्यंत मी तो क्रम ओळखला, पण बसमध्ये बसल्यावर ओळखला. आमच्याकडं त्याला ‘जळालं’ म्हणायचे. जळालेला माल शेठ माझ्यासमोर आपटायचा आणि मी तो परत घासायचा, निळा जाईपर्यंत. नवीन पोरांना मी शिकवायचो की डोळ्यांत तेल घालून बघा, पिवळा दिसला की हात उचला. म्हणजे मी आयुष्यभर ज्या रंगाला घाबरलो, तो कुणीतरी भिंगातून बघतो आणि अठरा हजार म्हणतो. याचं मला वाईट वाटलं नाही, गंमतच वाटली. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. आमच्याकडं मोडीची भांडी यायची. घरोघरी लग्नात, बारशात दिलेली, त्यावर बारीक टिंबांनी नावं कोरलेली, अमुक यांजकडून तमुक यांस सप्रेम, तारीख. ती नावं काढायचं काम माझ्याकडं होतं, कारण माझा हात सारखा पडायचा, खड्डा राहायचा नाही. दिवसाला साठ-सत्तर नावं. घरी आल्यावर विमल विचारायची, “आज कुणाकुणाला पुसलंत?” आणि मला आठवली तर मी दोन-चार नावं सांगायचो. ती लक्षात ठेवायची. एकदा म्हणाली, “त्या आनंदीबाईंचा तांब्या काय म्हणून मोडीत काढला असंल?” मी तीन महिन्यांपूर्वी सांगितलेलं नाव होतं ते.

ती गेल्यावर मी घर घासलं. याला दुसरा शब्द नाही. लोक म्हणाले, संपतराव खंबीर आहेत, घर बघा कसं ठेवलंय. दिवाणामागच्या भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, ती संध्याकाळी तिथं टेकून टीव्ही बघायची. तो मी कपडे धुवायच्या साबणानं काढला, नाही निघाला म्हणून वर रंग मारला. चहाच्या पातेल्याचं काळं बूड पांढरं केलं. तिच्या पोळपाटाला मध्ये खोलगट खड्डा पडला होता, मी तो सुताराकडून सपाट करून आणला. हे सगळं मी तिच्यासाठी करत होतो. मला खरंच तसं वाटत होतं. ती आली असती तर म्हणाली असती, वा. ती येणार नाही हे मला ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. आणि मग वर्षश्राद्धाच्या आदल्या गुरुवारी मी ते कापड उचललं आणि हडपसरला शंभूकडं गेलो. शंभू माझ्या हाताखाली शिकला, आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. “मास्तर, द्या मी मारतो,” तो म्हणाला. मी म्हणालो, हे मीच करणार. बारा वर्षांनी चाकापुढं बसलो. हात विसरला नव्हता. दहा झाले आणि लाईट गेली. “गुरुवार हाय, मास्तर,” शंभू म्हणाला, “दुरुस्तीला बंद ठेवत्यात. चारला येईल. चहा सांगतो, बसा.” पण मला गुरुजींना गाठायचं होतं, मी निघून आलो. एवढ्यावरून तो एक राहिला. वीज मंडळाच्या गुरुवारामुळं. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोपुढं तांदळावर मी दहा ठेवले, दिव्याच्या उजेडात ते डोळ्यांवर येत होते, आणि सगळे म्हणाले, वा, काय चकचकीत. अकरावा मी फोटोच्या मागं ठेवला, न्हाऊ न घातलेलं पोर पाहुण्यांपासून लपवावं तसा.

आठवडाभर मी तो रुपया रोज काढून बघितला. सकाळी, गच्चीकडच्या खिडकीत, चहा झाल्यावर. बघायला मी हळूहळू शिकलो. सरळ धरला तर करडा दिसतो, तिरका केला की रंग उघडतात. राजाच्या मिशीपाशी एक जागा आहे, तिथं विणीचा एक धागा जाड गेलाय. खणाचा तुकडा मी शेजारी ठेवून जुळवून बघितला आणि कापडात तो जाड धागा मला सापडला. तो तिच्या लग्नातल्या चोळीचा खण. तेव्हा मला बरं वाटलं, फार बरं वाटलं, जणू ती बाजारातून यायची होती आणि जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला. बुधवारी मात्र भलतंच झालं. मी रुपया बघता बघता दुसऱ्याच विचारात गेलो. भानावर आलो तर माझा अंगठा राजाच्या गालावर फिरत होता. गोल, सारखा दाब देऊन, आतून बाहेर. मी रुपया टाकलाच, तो फरशीवर वाजला, खणखणीत. उचलून बघितला, काही गेलं नव्हतं, किंवा थोडं गेलं असेल तर मला कळलं नाही. बापूराव खरं बोलले होते. हा रुपया माझ्यापासूनच वाचवायला हवा होता. त्यांच्याकडं तो बंद राहील, पिवळा पिवळा राहील, निळा निळा. ते त्याला तिरकं करून बघतील आणि मित्रांना मसाल्याची गोष्ट सांगतील, काही वर्षं. मग त्यांच्यामागं कुणीतरी तो विकेल, आणि पाकिटावर साल, टाकसाळ, प्रत. मी एवढी नावं काढली, पण ती निदान आधी कुणीतरी कोरलेली होती. हिचं नाव कुणी कोरलंच नव्हतं, ते आपोआप उठलं होतं, कांद्या-लसणानं. ते विकलं तर टिकेल आणि ठेवलं तर मी पुसेन. हे एवढंच मला सोडवायचं होतं आणि ते सुटत नव्हतं.

गुरुवारी मी कोथरूडला शर्मिलेकडं गेलो. तिचे घरी क्लास असतात, दाराबाहेर पोरांच्या चपलांचा ढीग होता. दोन बॅचच्या मध्ये तिला वीस मिनिटं होती. मी सगळं सांगितलं. बफ, दहा रुपये, रंग, बोटाचं. मी म्हणालो, “मी तुझ्या आईचं घालवलं. चौतीस नाही, शेहेचाळीस वर्षांचं, अर्ध्या तासात.” मी हे बोललो आणि वाट बघितली. शर्मिलेचा स्वभाव लहानपणापासून तापट, कंपासपेटी हरवली तर घर डोक्यावर घ्यायची. पण तिनं माझा हात धरला. “असू दे हो बाबा,” ती म्हणाली. “काय होतं त्यात. तुम्ही प्रेमानंच केलंत ना?”

“प्रेमानं केलं म्हणून काय झालं? गेलं ते गेलंच.”

“आईच म्हणायची, तुमच्या बाबांनी हात लावला की वस्तू नवी होते.”

“ते ती कशी म्हणायची ते तुला माहीत नाही का?”

“बाबा,” ती म्हणाली, अगदी सावकाश, डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बोलतात तसं, “तुम्ही जेवलात का?” मी जेवलो नव्हतो. तिनं मऊ भात वाढला, वर तूप. मी खाल्ला. तेवढ्यात पुढची बॅच आली. निघताना तिनं मला जिन्याच्या खालपर्यंत पोचवलं आणि म्हणाली, तो रुपया ठेवायचा तर ठेवा, द्यायचा तर द्या, तुम्हाला बरं वाटेल तसं करा. ती चांगली मुलगी आहे. पौड रस्त्याला बसची वाट बघत मी उभा राहिलो तेव्हा मला इतकं एकटं वाटलं, जेवढं तिच्या आईच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. एवढी मोठी चूक मी केली होती आणि ती कुणी माझ्याकडून घेतच नव्हतं. जो तो ती परत माझ्याच ओंजळीत ठेवत होता, वर तूप घालून.

घरी आलो. खण काढला. दहा चकचकीत रुपये एकेक करून त्यात ठेवले, आणि मधोमध, त्यांना खेटून, तो अकरावा. एका घडीत सगळे. बापूराव म्हणाले होते की चांगला वाईटापासून वेगळा ठेवा. पण त्यांना काय माहीत, ते सगळे एका ओटीतले होते. पत्र्याची डबी, झाकण नाही. फळीवर बरणीमागं ठेवली. बरणीत मसाला शर्मिलेनं उन्हाळ्यात पाठवलेला, तिच्या आईच्याच हिशेबानं केलेला, थोडा जास्त तिखट. फळीवरून हात काढताना माझ्या लक्षात आलं की चौतीस वर्षं ती डबी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी तिथून रोज चहा-साखर घेत होतो. हात हेच होते, बोटं हीच, आणि मी एकदाही तिला हात लावला नव्हता. मी बहात्तर वर्षांचा आहे. त्या दहांवर परत रंग चढलेले बघायला मी काही असणार नाही, आणि अकरावा कदाचित काळा होईल. होऊ दे. ठरलं असं वाटलं, पण पूर्ण ठरलं नव्हतं, कारण इंद्रजीतला नाही कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं. विमल असती तर तिनं दारातूनच एका वाक्यात वाटेला लावलं असतं. मला लोकांना नाही म्हणता येत नाही. बेचाळीस वर्षं जे समोर आलं ते मी घासून दिलं.

रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन आला. मी डाळ-तांदूळ धूत होतो, हात ओले होते. “काका, इंद्रजीत बोलतोय. कसे आहात?” तोच नरम आवाज, खुर्चीचा. “विचार झाला का? बापूराव समोरच बसलेत. ते बावीस म्हणताहेत. तुम्ही यायचीही गरज नाही, मी स्वतः घरी येतो, कापूस लावून डबीच घेऊन येतो. फक्त हात लावू नका.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी ठरवून सांगतो, मुलीशी बोलतो, पुढच्या आठवड्यात बघू, असलं काहीतरी म्हणणार होतो. आणि माझ्या तोंडून निघालं, “त्यालाही बफ मारला.”

“काय?”

“काल शंभूकडं गेलो होतो. म्हटलं एकच कशाला वेगळा. आता अकराही सारखे दिसतात.”

“अहो काय माणूस आहात का कोण आहात तुम्ही!” इंद्रजीत ओरडला. “एवढं सांगितलं, बसवून सांगितलं, भिंगातून दाखवलं! लहान पोराला कळलं असतं! शेहेचाळीस वर्षं त्या माउलीनं सांभाळलं, मसाल्यामागं लपवलं, ते कुणापासून लपवलं होतं ते आता कळलं मला! हात आहेत का कानस आहेत ते? काही लाज? काही... बापूराव, घासला हो, तोही घासला!” मागून बापूरावांचं काहीतरी ऐकू आलं, ते नक्की चांगलं नव्हतं. “बापूराव म्हणताहेत तुम्हाला चांदीच्या दुकानासमोरून जाऊ देऊ नये! ऐकताय का? हॅलो? काका? ऐकताय का तुम्ही?”

“ऐकतोय,” मी म्हणालो. “बोला.”

तो बोलत राहिला. वर फळीवर, बरणीमागं, डबी गुरुवारी ठेवली तशीच होती. मी स्टूल ओढलं, ओट्यापाशी बसलो आणि ओल्या हातानं फोन कानाला घट्ट धरला. वर्षभरात मला कुणी इतकं रागावलं नव्हतं.